लंडनमधील घर आणि पुण्यातील वारस : प्रोबेटची वाट

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलाचे किंवा भावाचे निधन होते, त्याच्या नावावर तिथे घर असते आणि वारस पुण्यात किंवा कोल्हापुरात असतात, तेव्हा इथल्या सवयीने पहिली धाव आपल्या न्यायालयातून वारसदाखला मिळवण्याकडे असते. त्या घरासाठी हा दाखला पुरेसा ठरत नाही. स्थावर मालमत्तेचा वारसा ती जिथे आहे तिथल्या कायद्याने ठरतो, त्यामुळे मृत व्यक्ती हिंदू असली तरी लंडनच्या घराला हिंदू वारसा कायदा लागू होत नाही.

प्रथम तिथल्या लँड रजिस्ट्रीतील नोंद पाहावी. घर दोघांच्या नावे ‘जॉइंट टेनंट्स’ (वेगळे हिस्से नसलेले संयुक्त मालक) म्हणून असेल, तर मृत्युपत्रात काहीही लिहिलेले असले तरी ते हयात मालकाकडे जाते. ‘टेनंट्स इन कॉमन’ (प्रत्येकाचा वेगळा हिस्सा असलेले सहमालक) असतील, तर मृताचा हिस्सा वारशात येतो.

मृत्युपत्र असल्यास त्यात नेमलेला एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) मूळ प्रतीसह प्रोबेटसाठी, म्हणजे मृताची मालमत्ता हाताळण्याच्या कायदेशीर अधिकारपत्रासाठी, अर्ज करतो. नसल्यास जवळच्या वारसाला लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हे तसेच अधिकारपत्र घ्यावे लागते. मृत्युपत्र नसताना काय होते, हे आपल्या कुटुंबांनी नीट समजून घ्यायला हवे. पत्नी किंवा पतीला वैयक्तिक वस्तू, पहिले ३,२२,००० पौंड आणि उरलेल्याचा निम्मा भाग मिळतो, बाकीचा निम्मा मुलांना. हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मालमत्तेत आई पहिल्या वर्गातील वारस आहे. इंग्लंडमध्ये पत्नी किंवा मुले हयात असतील तर आईला काहीही मिळत नाही. वृद्ध आई ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याने तिथल्या मालमत्तेचे मृत्युपत्र करून ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

अर्जदार भारतात असेल, तर इंग्लंडमधील सॉलिसिटरला (वकिलाला) किंवा विश्वासू नातेवाइकाला मुखत्यारपत्र देता येते. भारतात केलेले दस्तऐवज नोटरी करून, राज्य शासनाकडून प्रमाणित करून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (परदेशात दस्तऐवज ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणन) घेऊन पाठवावेत. मृत्यूच्या दाखल्याच्या अनेक प्रमाणित प्रती एकाच वेळी काढाव्यात.

खरी अडचण वारसा कराची असते. करमुक्त मर्यादा ३,२५,००० पौंड आहे. राहते घर मुलांना किंवा नातवंडांना जात असेल तर तीत आणखी १,७५,००० पौंडांपर्यंत भर पडते, आणि त्यापुढील रकमेवर सामान्यतः ४० टक्के कर लागतो. निधनाच्या महिन्यानंतरचा सहावा महिना संपेपर्यंत तो भरायचा असतो, आणि घर विकायला लागणारे प्रोबेट मात्र कराचा हिशेब दिल्यानंतरच मिळते. घरावरील कर दहा वार्षिक हप्त्यांत भरण्याची सोय आहे, परंतु त्यावर व्याज लागते. मृताच्या ब्रिटिश बँक खात्यातून कर थेट भरण्याची विनंतीही बँकेला करता येते. हे पहिल्याच भेटीत सॉलिसिटरला विचारावे.

भारतात वारसा कर १९८५ पासून नाही, आणि परदेशस्थ व्यक्तीकडून वारशाने आलेले परदेशी घर ठेवण्यास फेमा या परकीय चलन व्यवहारांच्या कायद्याची मुभा आहे. तरीही प्राप्तिकर कायद्यानुसार ‘सामान्य निवासी’ ठरणाऱ्या वारसाने घराची नोंद प्राप्तिकर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात), उत्पन्न नसले तरी, दरवर्षी करावीच. ती न केल्यास दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. घर नंतर विकल्यास अनिवासी मालकाने व्यवहार पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत ब्रिटिश कर विभागाला कळवायचे असते, आणि तिथे भरलेल्या कराची पावती भारतातील भांडवली नफ्याच्या हिशेबासाठी जपून ठेवावी.