चौकातील वायफायसाठी महापालिकेच्या दारी जाण्यापूर्वी

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी किंवा धुळ्यात पांझरेच्या काठावर सार्वजनिक वायफाय सुरू करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवी गटाने अर्जाचा मसुदा लिहिण्याआधी एक गोष्ट कागदावर ठरवून घ्यावी: पहिले वर्ष सरल्यावर मासिक बिल कोण भरणार? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने वायफायसाठी दिव्यांचे खांब दिले, खर्चाचा भार अर्थलिंक या इंटरनेट कंपनीवर टाकला आणि उत्पन्नाचे गणित जुळेना म्हणून 2008 मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. म्हणून खांब, वीज आणि परवानगी महापालिकेची, तर देखभाल आणि तक्रार-निवारण गटाचे, अशी वाटणी करारात स्पष्ट लिहावी आणि बिलाची तरतूद अंदाजपत्रकात यावी यासाठी वर्ष संपण्याची वाट न पाहता वेळेवर पाठपुरावा करावा.

कायद्याची बाजू वाटते तितकी अवघड नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने 9 डिसेंबर 2020 रोजी मंजूर केलेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफाय योजनेत वायफाय पुरवणाऱ्या स्थानिक केंद्राला, मग ते चहाचे दुकान का असेना, परवाना किंवा नोंदणी लागत नाही. वापरकर्त्याची नोंदणी करून ओळख पटवणे हे ॲप पुरवठादाराचे काम, तर जोडणीला मान्यता देणे आणि हिशेब ठेवणे ही कामे नोंदणीकृत ॲग्रीगेटर, म्हणजे अशा अनेक केंद्रांना एकत्र सांभाळणारी संस्था, करते. गटाने असा ॲग्रीगेटर आधी निवडावा. मोबाइल क्रमांक स्वतःच्या वहीत उतरवून घेण्याचा उत्साह मात्र टाळावा.

खरी मेहनत जागेवर आहे. पथदिव्याच्या खांबाला दिवसा वीज असेलच असे नाही, कारण अनेक ठिकाणी संपूर्ण वाहिनीच संध्याकाळी सुरू होऊन पहाटे बंद होते. तेव्हा विद्युत विभागाकडून स्वतंत्र जोडणी मिळेल का, हे आधी विचारावे, नाहीतर दुपारी अभ्यासाला बसलेल्या मुलांच्या हाती काहीच लागणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांजवळ जातो आणि उन्हात तापलेल्या बंद लोखंडी पेटीत त्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते, म्हणून वायफायचे उपकरण उघड्यावर बसवण्यासाठीच बनवलेले घ्यावे आणि त्याच्या माहितीपत्रकातील कमाल तापमान स्वतः वाचावे. नेटवर्क स्विचपासून (केबल जोडण्याच्या पेटीपासून) उपकरणापर्यंत तांब्याची नेटवर्क केबल 100 मीटरच्या आतच ठेवावी. कडुनिंबाची दाट पाने वायफायचे 5 गिगाहर्ट्झचे संकेत चांगलेच अडवतात. म्हणून पाहणी पानगळीत न करता झाड भरात असताना, आणि तीही गर्दीच्या वेळी, हातात फोन घेऊन चालत करावी.

वेगाचा हिशेब साधा आहे: 100 एमबीपीएसच्या जोडणीवर एकाच वेळी चाळीस जण बसले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अडीच एमबीपीएस येतात. म्हणून प्रत्येकाच्या वेगाला मर्यादा घालावी. शेवटी, पेटीची एक किल्ली गटाकडे आणि दुसरी प्रभाग कार्यालयात राहील, हे किल्ली कोणाच्या नावावर आहे त्या नोंदीसह करारास जोडावे.