दिल्ली कुठे, पुणे कुठे: नवी मुंबईत नव्याने आलेल्या दिव्यांग मित्रांसाठी

बार्शी सोडून घणसोलीत आलो त्याला आता अठरा वर्षं झाली. गावात पायरी आली की कुणीतरी हात द्यायचंच. इथे खोली बघायला गेलो तर मालकाने माझ्या पायाच्या कॅलिपरकडे (आधाराच्या पट्ट्यांकडे) पाहिलं आणि भाडं सांगायचंच टाळलं. त्यामुळे माझ्यासारखं कुणी नवीन आलं की पहिल्याच चहाला मी दोन ठिकाणं सांगून ठेवतो. दिल्लीत दिव्यांगजनांचे मुख्य आयुक्त, पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त. भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करणं हे दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने त्यांना नेमून दिलेलं काम आहे. उपकार नव्हे.

घोळ होतो तो कुणाकडे जायचं यात. रेल्वे, पोस्ट, सरकारी बँक म्हणजे दिल्ली. महापालिका, एनएमएमटी-टीएमटीच्या (नवी मुंबई आणि ठाणे पालिकांच्या) बस म्हणजे पुणे. वाशी-बेलापूर पट्ट्यात तर स्टेशनं सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, बांधलेली आणि गाड्या रेल्वेच्या! लिफ्ट बंद असेल तर ती कोण सांभाळतं हे आधी विचारा, मगच अर्ज लिहा.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, गावाकडे काढलं असेल तर तेच देशभर चालतं. पत्ता तेवढा बदलून घ्या.

आता माझी गोष्ट. इथल्या एका सरकारी बँकेच्या दारात ग्रॅनाइटच्या तीन गुळगुळीत पायऱ्या होत्या, कठडा नाही. शिपाई भला माणूस. म्हणायचा, "काका, पासबुक द्या, मी भरून आणतो." पण पैसे माझे, सही माझी, मी का बाहेर उभं राहायचं? मॅनेजरना तोंडी सांगण्यात वर्ष गेलं. शेवटी लेखी अर्ज दिला आणि माझ्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मारून घेतला. पायरीला टेप लावून फोटो काढला. हे सगळं दिल्लीला पाठवलं. वकील लागला नाही. बँकेला नोटीस गेली.

आयुक्त म्हणजे कोर्ट नव्हे, हेही माहीत असू द्या. ते समन्स काढू शकतात, कागदपत्रं मागवू शकतात, पण शेवटी करतात ती शिफारस. मात्र ती आली की त्या कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, आणि मान्य नसेल तर कारण आयुक्तांना आणि तुम्हालाही सांगावं लागतं. कारण लिहून द्यायची वेळ आली की साहेब लोक बरेच मऊ होतात, हा माझा अनुभव.

खाजगी कंपनीत लागलात तर एचआरकडे 'समान संधी धोरण' मागा. ते जाहीर करणं खाजगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. बऱ्याच जणांना तुम्ही मागितल्यावरच त्याची आठवण होते.

बँकेचा रॅम्प झाला. इतका उभा की व्हीलचेअर चढण्याआधी घसरेल. दुसरा अर्ज परवाच दिला, शिक्क्यासकट.