कॅलगरीचा बर्फ आणि तुमची फोर बाय फोर

लातूर, परभणी, नांदेडकडून कॅनडातल्या कॅलगरीला आलेली पोरं थंडीच्या धास्तीनं आधी फोर बाय फोर गाडी बघतात. जरूर घ्या. पण चारही चाकांना जोर मिळाल्यानं गाडी जागची सुटते, चढ चढते, एवढंच. थांबताना त्याचा उपयोग नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. सिग्नलवरून सगळ्यांच्या आधी निघाल आणि पुढच्या सिग्नलला थेट चौकात घुसाल, याची मला खरी काळजी वाटते.

म्हणून पैसा आधी टायरवर घाला. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण बघूनच घ्या, आणि चारही एकसारखे. इथं अल्बर्टा प्रांतात हिवाळी टायरची सक्ती नाही, म्हणून टाळू नका. थंडी वाढली की हवाही उतरते, दर ५-६ अंशांना साधारण एक पॉइंट. दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा ठेवा.

आपल्याकडं काळ्या रानात गाडी रुतली, की रेस दाबून कधी कधी निघते, कारण चाक चिखल उकरून खालची घट्ट जमीन धरतं. इथल्या बर्फात हे करू नका. फिरत्या चाकाच्या घर्षणानं वरचा थर वितळतो आणि जागा आणखी गुळगुळीत होते. पाय हलका ठेवा. डिफरन्शियल लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच वेगानं फिरवणारी सोय, फक्त रुतलेली गाडी काढण्यापुरता. लॉक लावून वळायला गेलात तर गाडी सरळच जाते.

उणे ३० ला सगळे घाबरतात. मला शून्याच्या आसपासचा रस्ता जास्त वाईट वाटतो, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. त्यात इथं चिनूक नावाचा उबदार वारा सुटतो, दुपारी बर्फ वितळतो आणि रात्री त्याचीच काच होते. पूल तर सगळ्यांत आधी गोठतात.

घसरलात तर ॲक्सिलरेटर सोडा, जायचंय तिकडं बघा आणि तिकडंच स्टेअरिंग वळवा. ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर होईल, ती एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. पाय उचलू नका. एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये, परवानगी घेऊन, हळू वेगात हे करून बघा.

पहिला बर्फ पडला की टायरवाल्यांकडं रांगा लागतात. दसरा उरकला की लगेच नंबर लावा.