सिम टाकलं म्हणजे ऑनलाइन झालं असं नसतंय भावा

फील्डवरच्या डिव्हाइसमध्ये ऑफिसातून लॉगिन करायचं काम पहिल्यांदा अंगावर आलं असेल तर माझी फजिती ऐका. पंचगंगेकाठी पाणीपातळी मोजायचा लॉगर बसवलेला, वर सोलर पॅनल, डब्यात बॅटरी आणि फोरजी राउटर. नेट आलं, पोर्ट फॉरवर्डिंग केलं (बाहेरून आलेली हाक राउटरनं आत लॉगरकडं धाडायची सोय), कोल्हापुरात येऊन बघतोय तर काहीच उघडंना. दोन दिवस अँटेनाला शिव्या घातल्या. मग राउटरच्या स्टेटस पेजवर आयपी नीट बघितला, तो १०० ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजायचं, सीजीनॅट आहे, म्हणजे सिमवाल्यांनी एका पब्लिक आयपीमागं ढीगभर गिऱ्हाइकं बसवल्यात, बाहेरून कितीबी कडी वाजवा, आत ऐकू जात नाही.

मग उलटं करायचं, डिव्हाइसलाच बाहेर फोन लावू द्यायचा. एक स्वस्तातला व्हीपीएस, म्हणजे नेटवरचा भाड्याचा सर्व्हर घेतला, त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएन (नेटवरून खाजगी टनेल, म्हणजे बोगदा काढणारं सॉफ्टवेअर) टाकलं, यूडीपी ५१८२० पोर्ट उघडला आणि राउटर नि लॅपटॉप दोघांनी तिथं येऊन भेटायचं. कीपअलाइव्ह, म्हणजे 'मी जागा आहे' असा ठरावीक वेळानं जाणारा छोटा मेसेज, २५ सेकंद ठेवा, नाहीतर काही वेळ शांतता झाली की मधला सिमवाल्यांचा नॅट तुम्हाला विसरतो. पैसे देऊन पब्लिक आयपी पण मिळतो, पण लॉगर मोडबसवर (मशिनांची आपसात बोलायची भाषा) असेल तर ५०२ पोर्ट उघडा टाकू नका, त्याला पासवर्डच नसतो, कोणीपण येऊन रजिस्टर, म्हणजे लॉगरमधले आकडे बदलून जाईल.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. बॅटरी पार उतरली आणि राउटर परत चालू झाला की त्याचं घड्याळ मागं जातं, आणि आधीपेक्षा जुनी वेळ दिसली की वायरगार्डचा सर्व्हर हँडशेकच, म्हणजे जोडणीची पहिली ओळखच घेत नाही. म्हणून एनटीपी (नेटवरून घड्याळ लावून घ्यायची सोय) टनेलच्या बाहेरून जाऊ द्या.

आणि फायरवॉल, राउटरवरचा कुणाला आत सोडायचं ते ठरवणारा पहारेकरी! जुलैत घरी चहा पीत पीत एक रूल बदलला आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं, तेव्हा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोक्याकडं निघालेलं आणि आमच्या साइटचा रस्ता पाण्याखाली, म्हणजे रीडिंग सगळ्यात जास्त हवं तेव्हाच डबा मुका. पाणी उतरल्यावर चिखल तुडवत गेलो. आता रूल बदलायच्या आधी दहा मिनिटांचा टायमर लावतो, तो वाजला की जुनं कॉन्फिग घेऊन राउटर आपोआप रीबूट होतो, आणि नवीन रूलवर परत लॉगिन जमलं तरच टायमर कॅन्सल करतो.