बागेतली भिंत पुसताना या चुका टाळा

सकाळी बागेचं फाटक उघडावं, तर समोरच्या भिंतीवर रात्रीतून कुणीतरी काळ्या स्प्रेने हातभर अक्षरात आपलं नाव ठोकलेलं. अशा वेळी पहिला हात जातो तो थिनरच्या डब्याकडे. माझाही जायचा. बागांच्या देखभालीत बरीच वर्षं घालवल्यावर एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागली, की लिहिणाऱ्याच्या हातून बिघडतं त्याहून जास्त आपल्याच हातून पुसताना बिघडतं.

मऊ वालुकाश्माचा एक कट्टा होता. त्यावर चार अक्षरं होती. आम्ही थिनर ओतलं, तारेच्या ब्रशने घासलं, पुन्हा ओतलं. तासाभराने चार अक्षरांच्या जागी पोत्याएवढा करडा डाग झाला होता. थिनरने रंग पातळ होऊन दगडाच्या छिद्रांत आत उतरला आणि ब्रशने दगडाचीच कड गेली. अक्षरं तरी गेली का? तीही नाही. पाऊस पडला की आजूबाजूचा दगड पाणी पिऊन गडद होतो, रंग मुरलेला भाग पाणी पीत नाही, आणि नाव फिकट रंगात पुन्हा वाचता येतं.

कशाने पुसायचं, हा पहिला प्रश्न नव्हे

आधी बघायचं की लिहिलंय कशावर. दगड, वीट, सिमेंट ही रंग पिणारी माणसं. तिथे ओतून पुसण्यापेक्षा लेप बरा: शोषून घेणारी माती किंवा कागदाचा लगदा रंग काढणाऱ्या रसायनात कालवून जाडसर थापायचा, लवकर सुकू नये म्हणून वर प्लास्टिक लावायचं. रंग सुटला की प्लास्टिक काढून लेप वाळू द्यायचा. सुटलेला रंग वाळत्या लेपात ओढला जातो. एका लेपात काम भागेलच असं नाही. धुताना दगड आधी साध्या पाण्याने भिजवून घ्यावा, म्हणजे खाली ओघळणारं रंगाचं पाणी कोरड्या दगडात शिरत नाही.

ॲसिडचा मोह तर हमखास होतो. संगमरवर आणि चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड टाकल्यावर जो फेस येतो तो दगड विरघळल्याचा असतो, स्प्रेचा रंग तसाच राहतो. आणि एकाने ॲसिड आणलं, दुसऱ्याने ब्लीच, आणि दोन्ही एकाच बादलीत गेलं तर क्लोरीन वायू सुटतो. हे मस्करीत घेऊ नका. सँडब्लास्टिंगचंही, म्हणजे जोराच्या हवेने वाळूचा मारा करण्याचंही, तसंच. रंग निघतो, पण त्यासोबत दगडाची वरची घट्ट साल जाते आणि आतला भुसभुशीत भाग पावसाला उघडा पडतो. प्रेशर वॉशरची नळी भिंतीला चिकटवून धरणाराही थोड्याफार फरकाने हेच करत असतो.

पत्र्यावर किंवा लोखंडी रेलिंगवर रंग आत शिरत नाही, पण द्रावक, म्हणजे थिनरसारखं रंग विरघळवणारं द्रव, स्प्रेच्या रंगाआधी मूळचाच रंग उचलतं. म्हणून कुणाच्या नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने आधी करून बघावं. सूचनाफलकावरचं पारदर्शक पॉलिकार्बोनेट थिनर किंवा ॲसिटोन लागताच धुरकट होतं, बारीक तडे जातात, आणि मग आतली सूचनाही वाचता येत नाही. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ फडकं. प्लास्टिकच्या घसरगुंडीवर स्प्रे फारसा धरत नाही, पण ती काथ्याने घासली तर चरे पडतात आणि पुढे प्रत्येक चऱ्यात मळ बसतो. खेळण्यांखालच्या रबरी जमिनीवर द्रावक सांडू देऊ नका. रबराचे तुकडे ज्या चिकटद्रव्याने बांधलेले असतात तेच सैल होतं.

उद्या बघू

पुसणं असं उद्यावर ढकलू नये. ताजा रंग लवकर निघतो, हे झालं एक कारण. दुसरं कारण बघणाऱ्यांच्या डोक्यात असतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात संशोधकांनी एका गल्लीत लावलेल्या सायकलींच्या हँडलला पत्रकं अडकवली. भिंत स्वच्छ होती तेव्हा 33 टक्के लोकांनी पत्रक जमिनीवर टाकलं. भिंतीवर रेघोट्या मारल्यावर हे प्रमाण 69 टक्क्यांवर गेलं. 2008 साली हे निष्कर्ष छापून आले. गंमत म्हणजे ‘इथे लिहू नये’ ही पाटी दोन्ही वेळा तिथेच होती. म्हणून रंगवलेल्या भिंतीवर ‘सक्त मनाई’ची आणखी एक पाटी ठोकण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. त्या पाटीवरही लिहितात.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने 1984 पासून एक नियम पाळला: एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगला, तर पुसल्याशिवाय तो रुळावर काढायचा नाही. मे 1989 मध्ये शेवटचा रंगलेला डबा सेवेतून गेला. आपलं नाव गावभर फिरावं हीच लिहिणाऱ्याची हौस असेल, तर ते फिरूच दिलं नाही. बागेत याचा अर्थ 24 ते 48 तासांत पुसणं.

पण पुसण्याआधी फोटो, तारीख आणि नेमकी जागा टिपून ठेवा. नोंद न करता पुसण्याची घाई आम्हाला फार भोवली. तक्रार द्यायला गेलो तर हातात काहीच नाही. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की एकच सही पुन्हा पुन्हा दिसते, ठरावीक वार दिसतो, आणि गस्त कधी घालायची ते कळतं. फोटो सोशल मीडियावर मात्र टाकू नका, ती फुकटची जाहिरात होते. मजकूर शिवीगाळीचा किंवा कुणा समाजाबद्दल द्वेषाचा असेल आणि खाली जुना नाजूक दगड असेल, तर फोटो काढून लगेच फळी किंवा कापड लावून झाका आणि पुसण्याचं काम जाणकाराकडे द्या.

ठिगळ

पिवळ्या भिंतीवर करड्या रंगाचा चौकोन म्हणजे पुढच्यासाठी कोरी पाटी. मूळ रंगाचा एक डबा राखून ठेवा, झाकणावर शेड नंबर लिहा, आणि रंगवताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा पूर्ण भाग घ्या. मार्करची शाई साध्या इमल्शनमधून दोन दिवसांत वर येते, तिच्यावर आधी डाग अडवणारा प्रायमर लागतो. ग्राफिटीरोधक, म्हणजे असं लिखाण भिंतीत मुरू न देणारे, लेप दोन जातींचे मिळतात: मेणासारखा, जो रंगासकट धुऊन जातो आणि पुन्हा लावावा लागतो, आणि कायमचा पॉलियुरेथेनचा. ओल येणाऱ्या भिंतीवर दुसरा लावलात तर ओल आत कोंडते आणि पोपडे धरतात.

मोडतोडीतही ठिगळाचीच सवय नडते. झोपाळ्याची एक साखळी तुटली की दोरीने बांधून ठेवतात. तो झोपाळा सरळ उतरवा. नट चोरीला जात असतील तर खास पान्यानेच उघडणारे बोल्ट वापरा, पण वेल्डिंग करून टाकू नका, पुढे बेअरिंग बदलायचं झालं तर कापावं लागतं.

दिवे आणि कॅमेरे यांवर सगळा भर नको. जिथून कुणी जात-येतच नाही त्या कोपऱ्यात दिवा लावला, तर लिहिणाऱ्यालाच उजेड मिळतो. त्याऐवजी झुडपं कमरेखाली छाटा, फांद्या डोक्यावर उचला, म्हणजे फाटकावरून तो कोपरा दिसेल. भिंतीवर काटेरी वेल चढवला तरी चालेल.

झाडांच्या बाबतीत मात्र हात आवरावा. खोडावरच्या स्प्रेला द्रावक लावू नये. पाणी आणि मऊ ब्रशने जेवढं निघेल तेवढं, बाकीचं साल झडेल तसं जातं. कोरलेल्या बदामावर डांबर किंवा सिमेंट थापू नये. सालीची जखम कडेकडेने आपली आपण मिटत येते. साल खोडाभोवती पूर्ण गोल कापली गेली असेल तर मात्र झाडाच्या जिवाला धोका असतो, आणि मग लगेच झाडांच्या जाणकाराला बोलवावं. बाकी नाव तिथेच राहतं. खोड वाढतं ते जाडीत, त्यामुळे छातीच्या उंचीवर कोरलेलं नाव पंचवीस वर्षांनीही छातीच्याच उंचीवर असतं. फक्त अक्षरं आडवी ताणत जातात, आणि शेवटी कोरणाऱ्यालाही ती लागत नाहीत.