चाळिशीनंतर प्रोग्रॅमिंग शिकायला सुरुवात कशी करावी

"आता या वयात जमेल का हो?" दर रविवारी कुणीतरी हे विचारतंच. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात सकाळी दोन तास आम्ही सात-आठ जण लॅपटॉप उघडून बसतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, शाळेत शिकवणाऱ्या दोघी आहेत. मी स्वतः सुरुवात केली तेव्हा 44 वर्षांची होते आणि फोर्टमधल्या एका कचेरीत अकाउंट्स बघत होते. म्हणून खात्रीने सांगते, जमतं. जपानच्या मासाको वाकामिया यांनी 2017 मध्ये आयफोनसाठी स्वतः बनवलेला गेम आणला, तेव्हा त्यांचं वय 81 होतं. पंचविशीतल्या मुलांनी तर "उशीर झाला" हा शब्दच काढू नये. उशिरा शिकणारी माणसं सोडून देतात ती वयामुळे सोडत नाहीत, एका ठरावीक टप्प्यावर अडकतात म्हणून सोडतात. त्या टप्प्यावर मी येतेच, आधी बाकीचं भराभर उरकू.

लॅपटॉप. मोबाइलवर शिकता येतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कीबोर्ड हवाच. नवा घ्यायची गरज नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात 8 जीबी रॅमचा वापरलेला लॅपटॉप मिळतो, तो भरपूर झाला. दुकानातच चालू करा, प्रत्येक कळ दाबून बघा, बिल घ्या.

भाषा. पायथन. 1991 पासून आहे, मोफत आहे, आणि हिशेबापासून विज्ञानापर्यंत सगळीकडे चालते. कुठली भाषा चांगली यावर महिना घालवणारे लोक मी खूप पाहिले, त्या महिन्यात निम्मं पायथन झालं असतं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका. पायथनचे स्वतःचे राखीव शब्द फक्त 35 आहेत.

धडे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे फुकट आहेत, बरेचसे मराठीतही आहेत. पैसे भरून क्लास लावू नका, निदान पहिले सहा महिने तरी. "नोकरीची हमी" म्हणणाऱ्या एका क्लासला मी साठ हजार भरले होते. चौथ्या महिन्यात शिकवणारे बदलले, पाचव्यात फोन उचलणं बंद झालं. ते पैसे मुलीच्या ॲडमिशनसाठी बाजूला ठेवलेले होते, अजून आठवलं की घशाशी येतं.

वेळ. रोज चाळीस मिनिटं. रविवारी सहा तास बसून आठवडाभर न बघणाऱ्याचं काहीच टिकत नाही.

आता तो टप्पा: रिकामी फाइल

व्हिडिओ बघताना सगळं कळतं. शिकवणारा लिहितो, आपण पाहून लिहितो, चालतं. मग व्हिडिओ बंद करून नवी फाइल उघडावी तर पहिली ओळसुद्धा सुचत नाही. मी या जागी चार महिने अडकले होते. प्रत्येक वेळी वाटायचं की आणखी एक कोर्स बघितला की येईल. तसं होत नाही. पाहून लिहिणं आणि स्वतः लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. आई लाटताना शंभर वेळा पाहिलं तरी पोळी गोल येते ती आपल्या हातात लाटणं आल्यावरच.

मला यातून बाहेर काढलं आमच्या सोसायटीच्या थकबाकीच्या यादीने. 64 फ्लॅट, खजिनदार दर महिन्याला हाताने बेरीज करायचे. मी ठरवलं, हे आपण करायचं. तुम्हीही असंच तुमच्या घरचं, दुकानाचं, भिशीचं काम निवडा. व्हिडिओतल्या उदाहरणाचं उत्तर चुकलं तरी आपल्याला काही वाटत नाही, पण थकबाकीची बेरीज चुकली की लगेच टोचतं.

आधी कागद घ्या आणि मराठीत लिहा: यादी उघड. एकेक ओळ वाच. रक्कम काढ. बेरजेत घाल. शेवटी बेरीज दाखव. एवढं लिहिता येत नसेल तर अडचण पायथनची नाही, काम काय करायचं हेच अजून स्पष्ट झालेलं नाही. मग एकेका वाक्याची ओळ लिहा आणि दर दोन ओळींनी चालवून बघा. तीस ओळी लिहून मग चालवू नका, चूक कुठे आहे ते सापडत नाही. आणि नावं मराठीत द्या. पायथन 3 मध्ये 'थकबाकी', 'बेरीज' ही नावं देवनागरीतच चालतात, हे फारसं कुणी सांगत नाही. पहिला महिना असं केलंत तर भाषेचे शब्द कुठले आणि आपण ठेवलेली नावं कुठली, हे पाहताक्षणी कळतं.

माझा प्रोग्रॅम यादीतल्या पहिल्या सहा ओळींवर नीट चालला, सातव्या ओळीवर लाल अक्षरं आली. मी घाबरून खिडकीच बंद केली. तीन संध्याकाळी हेच चाललं होतं. चौथ्या दिवशी शांतपणे वाचलं. पायथनचा चूक दाखवणारा संदेश खालून वर वाचायचा असतो, खरी चूक काय ते शेवटच्या ओळीत असतं. तिथे 'व्हॅल्यू एरर' होतं, आणि पुढे, ज्याचा आकडा करता आला नाही तो तुकडा जसाच्या तसा छापलेला होता: एक दुहेरी अवतरणचिन्ह आणि त्याला चिकटून 3.

तीन कुठून आला? यादी पाहिली. पहिल्या सहा फ्लॅटची थकबाकी हजाराच्या आत होती. सातव्याची होती 3,500. एक्सेलने फाइल सीएसव्हीत, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या फाइलीत, उतरवताना मधल्या स्वल्पविरामामुळे ती रक्कम अवतरणात घातली, आणि मी तर प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर तोडत होते. साडेतीन हजारांचे दोन तुकडे झाले होते! अशा फाइली नीट वाचणारं, पायथनसोबतच तयार येणारं सीएसव्ही मोड्यूल वापरलं, रकमेतला स्वल्पविराम काढला, आणि बेरीज खजिनदारांच्या आकड्याशी रुपयाला रुपया जुळली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी नवऱ्याला उठवून दाखवलं.

म्हणून लाल अक्षरं आली की खिडकी बंद करू नका. शेवटची ओळ वहीत उतरवा आणि तिच्यातला प्रत्येक शब्द समजून घ्या. एआयला त्या ओळीचा अर्थ जरूर विचारा, पण पहिले तीन महिने त्याच्याकडून प्रोग्रॅम लिहून घेऊ नका. आमच्या रविवारच्या मंडळींत ज्यांनी लिहून घेतला, ते पुन्हा रिकाम्या फाइलपाशीच येऊन थांबले.

पुढे. पहिला प्रोग्रॅम दोन महिने खरोखर वापरा, मग दुसरा आपल्या नोकरीतल्या कामासाठी लिहा. पंचेचाळिशीत सगळं सोडून सॉफ्टवेअर कंपनीत नवख्याच्या जागेवर जायचा बेत असेल तर स्पष्ट सांगते, ते कठीण आहे. घरचे हप्ते चालू असताना राजीनामा देऊ नका. पण अकाउंट्स, दवाखाना, शाळा, गोदाम, जिथे आहात तिथलं काम तुम्हाला वीस वर्षांचं माहीत आहे आणि कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलाला ते माहीत नाही. मला ऑफिसात महिनाअखेरीचा ताळमेळ जुळवायला दोन दिवस लागायचे, आता एका दुपारी होतो.

आणि ऑफिसच्या फाइलवर काहीही चालवण्याआधी तिची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दर वेळी.