लंडनला येताय? ई-सिम घेण्याआधी हे बघून ठेवा

आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे वेम्ब्लीला आले तेव्हा बाबांनी निघायच्या आधीच ३० दिवसांचं, भरपूर डेटाचं ई-सिम (कार्ड न घालता, कोड स्कॅन करून फोनमध्ये येणारं सिम) घेऊन ठेवलं होतं. विमानतळावर ते उत्तम चाललं. घरी त्यांची खोली मागच्या वाढवलेल्या भागात होती, राउटर पुढच्या दारापाशी. त्या खोलीत ना वायफाय धड पोचत होतं, ना ई-सिम. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्वयंपाकघरात आले, तर बाबा स्वेटरवर माझं जॅकेट चढवून मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे होते. फोन दोन्ही हातांनी कपाळाच्या वर धरलेला, आणि पडद्यावर साताऱ्याची आजी. आजीला रोज फोन करायचा त्यांचा नेम, आणि आमची झोपमोड नको म्हणून ते थंडीत बाहेर गेले होते. त्या दिवसापासून इकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की डेटा किती जीबी हे शेवटी बघा, सिम कुठल्या नेटवर्कवर चालतं ते आधी बघा.

म्हणून तयारी सुरू होते ती पत्त्यापासून. ज्यांच्याकडे उतरणार आहात त्यांच्याकडून पूर्ण पोस्टकोड मागून घ्या. नुसतं ‘वेम्ब्ली’ किंवा ‘हाउन्स्लो’ पुरत नाही. इथला पोस्टकोड जेमतेम एका गल्लीपुरता असतो, त्यामुळे तो टाकला की त्याच घरांच्या आसपासचं चित्र दिसतं. ऑफकॉम ही इथली दूरसंचार नियामक संस्था. तिच्या कव्हरेज नकाशावर ईई, ओटू, व्होडाफोन आणि थ्री या चारही नेटवर्कची स्थिती बघता येते. (व्होडाफोन आणि थ्री या कंपन्या २०२५ मध्ये एक झाल्या, पण सिम विकताना दोन्ही नावं अजून दिसतात.) घराबाहेरचा आणि घरातला सिग्नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरू नका. जुन्या घरांच्या जाड विटांच्या भिंती सिग्नल अडवतात. नव्या बांधकामात उबेसाठी घातलेला चकचकीत पत्र्यासारखा थर तर त्याहून जास्त अडवतो. जी दोन नावं घरातही बरी दिसतील ती कागदावर लिहून ठेवा.

आता ई-सिम. ते विकणाऱ्या एअरालो, होलाफ्लाय, नोमॅड अशा कंपन्यांची नावं तुम्ही ऐकली असतील. यांचे इथे स्वतःचे टॉवर नाहीत, ही सिमं इथल्याच कुणाच्या तरी नेटवर्कवर रोमिंग करतात. कुणाच्या, ते प्लॅनच्या तपशिलात लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा खाली कुठेतरी बारीक अक्षरात. तुमच्या कागदावरच्या दोन नावांपैकी एक तरी तिथे हवं, दोन्ही असली तर फारच छान, कारण एक नेटवर्क पडलं तर फोन दुसऱ्यावर जाऊ शकतो. बाबांच्या सिममध्ये एकच नाव होतं. ‘अमर्याद’ लिहिलेलं दिसलं तर रोज किती वापरानंतर वेग कमी होतो आणि हॉटस्पॉट चालतो का, तेवढं वाचा.

यापुढचा मुद्दा फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नेटवर्क चांगलं असूनही तुमचा फोनच ते पकडू शकत नाही, असं होऊ शकतं. इथे घरात आत शिरणारा फोर-जीचा सिग्नल बऱ्याच ठिकाणी ८०० मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे बँड २० चा असतो (बँड म्हणजे सिग्नलच्या लहरींचा ठरावीक पट्टा). हा बँड भारतात वापरात नाही, त्यामुळे भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फोनमध्ये तो दिलेलाच नसतो. ओटू आणि व्होडाफोन यांची भिस्त या बँडवर जास्त आहे, ईईची बँड ३ वर. बँड ३ आपल्याकडेही चालतो आणि तो जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये असतो. तेव्हा फोनच्या भारतीय मॉडेलचं पूर्ण नाव शोधून त्याच्या बँडची यादी बघा. २० दिसला नाही, तर ईईवर चालणारं ई-सिम घेणं शहाणपणाचं.

फोन ई-सिम घेतो की नाही हे कळायला स्टार-हॅश-०६-हॅश डायल करा. ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला तर घेतो. मुलांनी परदेशातून आणलेला जुना फोन वापरत असाल, तर तो तिथल्या कंपनीला लॉक केलेला नाही ना, हे त्यांना विचारा. क्यूआर कोड घरच्या वायफायवर, निघायच्या दोन दिवस आधी स्कॅन करा. फक्त त्या आधी मुदत कधी सुरू होते ते वाचा. काही सिमांची मुदत फोनमध्ये टाकल्याबरोबर सुरू होते, काहींची इथलं नेटवर्क पकडल्यावर. त्या लाइनला ‘लंडन’ असं नाव द्या. मग नीट लक्ष द्या, कारण इथे हमखास गोंधळ होतो: ‘लंडन’ लाइनचं डेटा रोमिंग चालू आणि भारतीय सिमचं बंद. आणि चालत नाही म्हणून चिडून ई-सिम डिलीट करू नका. बरेच कोड एकदाच चालतात.

भारतीय सिम मात्र फोनमध्ये चालूच राहू द्या. प्रवासाच्या बहुतेक ई-सिमना स्वतःचा नंबर नसतो, तेव्हा बँकेचा ओटीपी येणार तो भारतीय नंबरवरच. त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या (डेटा रोमिंग मात्र बंदच) आणि पॅक न घेता एसएमएस येतील का, ते कंपनीला फोन करून विचारा. कार्डाचा परदेशातला आणि टॅप करून पैसे देण्याचा वापरही घरूनच चालू करा. इथल्या बसमध्ये आणि ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टॅप करता येतं, माणशी एक कार्ड हवं.

ट्यूबमध्ये सगळीकडे रेंज असेल असं धरून चालू नका. एलिझाबेथ लाइनच्या बोगद्यांत आणि ज्युबिलीच्या पूर्वेकडच्या भागात फोर-जी मिळतं, इतर मार्गांवर कुठे आहे, कुठे नाही. वेम्ब्ली पार्कहून ज्युबिलीने निघालात की गाडी फिंचली रोडपर्यंत उघड्यावरून जाते, मग बोगद्यात शिरते. कुठे उतरायचं ते त्याआधी बघून घ्या. लंडनचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. घरचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. आई तो पर्समध्येही ठेवते, तेही चांगलं.

हीथ्रोवर सामान येईपर्यंत विमानतळाचं वायफाय बंद करून ई-सिमवर एक फोटो पाठवून बघा. तीच परीक्षा पहिल्या रात्री झोपायच्या खोलीत, पलंगावर बसून करा. फोटो गेला नाही, तर सेटिंगमध्ये आपोआप नेटवर्क निवडणं बंद करून यादीतलं दुसरं नाव निवडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. तरीही नाही गेला, तर सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून इथलं प्रीपेड सिम घ्या, त्या खोलीत जे नेटवर्क चालतं त्याचं: गिफगॅफ ओटूवर चालतं, लेबारा व्होडाफोनवर, स्मार्टी थ्रीवर. बाबांसाठी आम्ही तेच केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला त्यांच्या खोलीच्या दाराआडून आजीचा आवाज ऐकू आला.